रचना, संस्कृती आणि उद्याचा समाज : या विषयांवर मुक्त लेखन करणाऱ्यांसाठी धागा

घडणवेध (पुणे)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी कोणत्याही नोकरीविना केवळ लेखनावर उपजीविका करते. वस्तूंची रचना, त्या वस्तूंभोवती वाढलेली संस्कृती आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत आपल्या राहणीत होऊ घातलेले बदल हे माझे विषय आहेत. मासिके, दिवाळी अंक, वास्तुरचनाकारांची कार्यालये, कधी एखाद्या प्रदर्शनाची पुस्तिका, असे काम येत राहते. या विषयांवर मराठीतून सातत्याने लिहिणारे मोजके आहेत आणि त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. वस्तू हातात घेतल्याखेरीज आणि ती वापरणाऱ्या माणसाशेजारी बसल्याखेरीज रचनेविषयी लिहू नये, आणि भविष्याविषयी लिहायचे असले तरी सुरुवात तिथूनच करावी.

मागच्या वर्षी एका मासिकाने माझ्याकडे वृद्धांच्या उद्याच्या घरावर लेख मागितला. संपादकांच्या डोळ्यांसमोर आवाजाने उघडणारे पडदे आणि माणूस पडला तर सूचना देणारी फरशी होती. लिहायला बसण्याआधी मी माझ्या मावशीकडे दोन दिवस राहायला गेले. ती ८१ वर्षांची आहे आणि एकटी राहते. तिच्या जेवणाच्या टेबलावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या असतात. औषधाच्या दुकानात पूर्ण पट्टी न घेता सहाच गोळ्या मागितल्या, की दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. औषधाचे नाव छापलेला भाग कधी गिऱ्हाईकाकडे येतो, तर कधी दुकानातच राहतो. मुदत संपण्याची तारीख पट्टीच्या कडेला नुसता ठसा दाबून उमटवलेली असते. तिला शाईचा रंग नसल्यामुळे पट्टी उजेडाकडे तिरकी धरावी लागते, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना तेवढ्यानेही ती दिसत नाही. मावशीने यावर स्वतःच तोड काढली होती. सकाळच्या पट्टीला पिवळा दोरा, रात्रीच्या पट्टीला काळा. डॉक्टरांनी गोळी बदलली की दोरा सोडून नव्या पट्टीला बांधायचा. एकदा जुन्या पट्टीचा दोरा सोडायचा राहून गेला आणि आठवडाभर रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या पोटात गेल्या.

१ ऑगस्ट २०२३ पासून केंद्र सरकारने सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले आहे. औषध अस्सल आहे की बनावट हे पडताळता यावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु पट्टीवर जागा नसेल तर तो कोड बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे, आणि सुट्या गोळ्या घेणाऱ्याच्या घरी खोके येतच नाही. शिवाय कोड वाचायला फोन लागतो आणि फोन स्थिर धरायला न थरथरणारा हात लागतो. मी लेख लिहिला तो या पट्टीवर आणि त्या दोन दोऱ्यांवर. फरशीचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात आला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ आला होता, आणि पिढीची जागा पुढच्या पिढीने पुरती भरून काढायची तर तो २.१ च्या आसपास असावा लागतो. याचा अर्थ मावशीच्या टेबलावरचा तो डबा उद्या कितीतरी घरांत असेल, पण पट्टीवरची तारीख वाचून दाखवणारे नातवंड शेजारच्या खोलीत असेलच असे नाही. समाजाच्या पुढच्या वाटचालीविषयी मला जे सांगायचे होते ते त्या श्रीखंडाच्या डब्यात होते.

रचनेकडे असे पाहण्याची वाट नवी नाही. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्याच्या आधाराने १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतभर फिरून पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वोच्च मान दिला तो साध्या लोट्याला. लोटा एका कोणा रचनाकाराने घडवलेला नाही, तो पिढ्यानपिढ्या घडत आला, हे सांगून त्यांनी प्रश्नांची एक लांबलचक मालिका मांडली. किती पाणी आणायचे आहे, उचलणारे हात कोणाचे आणि केवढे आहेत, भांडे डोक्यावरून जाणार की कमरेवरून, भरलेले असताना तोल कुठे पडतो, ओतताना काय होते, दगडावर ठेवताना कसा आवाज येतो, मोडीत काय किंमत येईल, कुणाला भेट देताना कसे वाटेल. मी आजही कोणत्याही वस्तूवर लिहिताना हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेते. ज्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नसते, त्यासाठी पुन्हा जाऊन यावे लागते.

याउलट, दर डिसेंबरमध्ये माझ्याकडे हमखास एक मागणी येते. अमेरिकेतील पँटोन ही रंगांची कंपनी पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते आणि लगेच कोणालातरी 'येत्या वर्षी आपली घरे कशी दिसतील' असा लेख हवा असतो. २०२५ साठी तपकिरी छटा होती, २०२६ साठी पांढरी आहे. हे लेख मी आता घेत नाही. एका कंपनीने काढलेल्या पत्रकाला समाजाचा कल म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आपण या विषयांवर काय लिहिता, कोणासाठी लिहिता, अडते कुठे, हे कृपया सविस्तर लिहावे. 'डिझाइन'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा यावरही मला मते हवी आहेत. 'अभिकल्प' हा शब्द सरकारी कागदात शोभतो, पण लोट्याला किंवा सुपाला लावला की परका वाटतो. मी बहुतेक वेळा 'घडण' वापरते.

अंकसंपादक

घडणवेधताई, विषय काढलात हे फार चांगले केलेत. मी एका दिवाळी अंकाचे संपादन करतो, तेव्हा मागणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून स्वतंत्र लेखकाला मराठीत हक्काची जागा मिळाली ती बऱ्याच अंशी याच परंपरेने. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे लोकांनी जपून ठेवली, म्हणजे वाचकाला दृश्य रचनेची जाण आणि आवड होतीच. मात्र त्या मुखपृष्ठांच्या रचनेविषयी त्या काळी सविस्तर कोणी लिहिले, असे माझ्या पाहण्यात फारसे नाही. ही उणीव आमची, संपादकांची आहे.

आता अडचण सांगतो. आमच्याकडे मानधन ठरते लेखाला. लेखक त्यासाठी दोन दिवस कुठे राहिला, किती वेळा परत गेला, याचा हिशेब त्यात कुठेच नसतो, आणि म्हणून घरबसल्या लिहिलेला लेख आणि आपल्यासारखा लेख यांना एकच पाकीट मिळते. माझी सूचना अशी की लेखकाने विषय सुचवतानाच प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मानधनापासून वेगळा मांडावा. आम्हाला जाहिरातींचा अंदाज मे-जूनमध्ये येऊ लागतो आणि बहुतेक लेख आम्ही जुलैअखेर मागतो. एप्रिलमध्ये सुचवलेल्या विषयासाठी खर्च बसवता येतो, जुलैमध्ये सुचवलेल्यासाठी येत नाही.

शब्दाबद्दल म्हणाल तर 'घडण' मला आवडतो, पण तो वस्तूलाच जास्त शोभतो. रुग्णालयात रांग कशी लागते, अर्ज कसा भरला जातो, याच्या रचनेला 'घडण' म्हणता येईल का? तिथे मी 'रचना' किंवा 'आखणी' वापरेन.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा आहे. हस्तव्यवसायांवर लिहितो, अधूनमधून इंग्रजी नियतकालिकांसाठीही. वस्तू हातात न घेता लिहिल्याने काय होते, याचा ताजा अनुभव मांडतो.

जून २०२५ मध्ये मिलानमधील प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या वस्त्रप्रदर्शनात कोल्हापुरी धाटणीची चप्पल दिसली, सुरुवातीला मूळ स्थानाचा उल्लेख नव्हता, गदारोळ झाला, कंपनीने भारतीय पारंपरिक चपलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये त्यांचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. त्या महिनाभरात देशभर या विषयावर ढिगाने लेख आले. जेवढे मला वाचता आले त्यांतील बहुतेक लेख मालकीहक्कावर होते, आणि ते आवश्यकच होते. परंतु चप्पल म्हणजे काय हे सांगणारे लेख बोटांवर मोजण्याइतके. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे ते आहे. एवढी साधी गोष्टही अनेक लेखांतून गळाली होती.

मी तेव्हा सुभाषनगरमध्ये एका घरी आठवडाभर रोज सकाळी जाऊन बसत होतो. तिथे पाहिले ते असे. कातडे कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरलेला असतो, त्यामुळे त्याला जो तांबूस रंग येतो तो रंगवून आणता येत नाही. तळाचे थर शिवताना खिळा वापरत नाहीत, कातड्याचीच वादी ओवतात. वरची वेणी त्या घरातील बायका घालतात. एका ताईंनी पट्टीचे एक टोक पायाच्या अंगठ्यात धरले आणि माझ्याशी बोलता बोलता, खाली न पाहता, वेणी पुरी केली. वेणीला दर जोडीमागे वेगळे पैसे मिळतात आणि घराचा हिशेब मांडताना ते पैसे बहुधा चप्पल शिवणाऱ्याच्या नावावरच धरले जातात. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग पायाच्या आकाराने बसते. म्हणजे शेवटची घडण वापरणाराच करतो. ईम्स यांच्या प्रश्नांच्या धर्तीवर पाहिले तर हाच या चपलेच्या रचनेचा गाभा आहे, आणि कोणत्याही छायाचित्रात तो दिसत नाही.

उद्याचा प्रश्नही त्याच ओसरीवर होता. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, त्यानंतर कातड्याच्या पुरवठ्याचे गणित बदलले. त्या घरातील मुलगा पदविका घेऊन शिरोलीच्या कारखान्यात लागला आहे. आईवडिलांना त्याचे समाधान आहे, आणि ते का असू नये? कला टिकली पाहिजे असे लिहिताना ती कोणाच्या मुलाने टिकवायची, हे त्याच वाक्यात लिहायला हवे. या समाजाच्या वाट्याला जातीमुळे जे आले ते वगळून हस्तकलेचे गोडवे गाणारा लेख मला अपुरा वाटतो, मग तो कितीही सुंदर असो.

दूरस्थ_रॉटरडॅम

मी मूळचा नाशिकचा. गेली चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये असतो आणि शहर-नियोजनाशी संबंधित एका कार्यालयासाठी भविष्यचित्रे लिहिण्याचे काम करतो. घडणवेध यांच्या मांडणीशी मी अर्धाच सहमत आहे.

वापरणाऱ्याशेजारी बसल्याने वर्तमान फार चांगले कळते. पण वर्तमानाची रेघ सरळ पुढे ओढली म्हणजे भविष्य निघते, असा समज त्यातून दृढ होण्याचा धोका आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी शेल या तेल कंपनीत पिएर वाक यांच्या गटाने एकच भाकीत करण्याचे सोडून परस्परांहून निराळी अनेक चित्रे मांडायला सुरुवात केली. तेल उत्पादक देश पुरवठा आवळतील आणि भाव एकदम चढतील, अशी शक्यता त्यांतील एका चित्रात होती. १९७३ चे तेलसंकट आले तेव्हा त्या व्यवस्थापनाने निदान त्या शक्यतेचा विचार आधी केलेला होता. नुसत्या पाहणीतून हे निघाले नसते, कारण तेव्हाच्या पेट्रोल पंपावर उभे राहून तेल स्वस्त आणि मुबलकच दिसत होते.

म्हणून माझा आग्रह असा की भविष्यावरच्या लेखात निदान दोन-तीन वाटा दाखवाव्यात. आपल्या मावशींच्या पट्टीचेच घ्या. एक वाट अशी की सुट्या गोळ्या देण्याची पद्धतच बंद होईल. दुसरी अशी की दुकानदारच रुग्णाच्या नावाने दिवसागणिक पुड्या बांधून देईल, जसे इथे अनेक वृद्धांना औषधे मिळतात. प्रत्येक लहान पुडीवर नाव, वार आणि वेळ छापलेली असते आणि पुड्यांची सलग गुंडाळी घरी येते. तिसरी वाट अशी की यातले काहीच होणार नाही आणि दोरे वाढत जातील. प्रत्येक वाटेवर खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे लिहिले की लेखाला वजन येते.

घडणवेध (पुणे)

दूरस्थ, तिसरी वाट आपण लिहिलीत याबद्दल आभार. भविष्यावरच्या लेखांतून नेमकी तीच नेहमी गळते. अनेक वाटा दाखवाव्यात हे मला मान्य आहे, आणि पुड्यांची गुंडाळी मला ठाऊक नव्हती. तिच्यावर पुढे लिहीन.

परंतु पाहणीतून केवळ वर्तमानच हाती लागते, हे मला पटत नाही. आपल्याकडे यूपीआयची सुरुवात २०१६ मध्ये झाली आणि काही वर्षांनी दुकानादुकानांतून 'इतके रुपये प्राप्त झाले' असे बोलणारी पेटी आली. त्यावरचे बहुतेक लेखन रोकडविरहित व्यवहाराच्या आकड्यांवर आहे. मी मंडईत एका भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यावर तीन सकाळी बसले. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारून त्यांचे हात ओले, त्यामुळे फोन हातात घेण्याची सोय नाही. गिऱ्हाईक फोनचा पडदा दाखवून निघून जाते आणि त्या पडद्यावरचे चित्र खरे की जुने हे कळायला मार्ग नाही. पेटी बोलली की प्रश्न मिटतो. आजवर पैशाची खात्री डोळ्यांनी आणि बोटांनी होत असे. नोट उजेडाला धरून पाहत, नाणे वाजवून घेत. आता ती खात्री एका यंत्राच्या आवाजाने होऊ लागली.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की त्यांनी पेटीवर गोणपाट दुमडून ठेवले आहे. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "दिवसभराची विक्री आजूबाजूच्या गाळ्यांना ऐकू जाते. संध्याकाळी उसने मागणारे बरोबर आकडा घेऊनच येतात." कमाई चारचौघांत ऐकू जाणे ही किती मोठी सामाजिक उलथापालथ आहे! घरातल्या बाईची विक्री नवऱ्याला, सासूला, सावकाराला मोजता येऊ लागली तर काय होईल, हा भविष्याचा प्रश्न मला त्या गोणपाटाने दिला. आपल्या पद्धतीने त्याच्या तीन वाटा काढता येतील, पण प्रश्न गाळ्यावरूनच आला.

पंचगंगाकाठ, वेणीचे पैसे कोणाच्या नावावर धरले जातात, ही आपली नोंद अत्यंत मोलाची आहे. ती कृपया स्वतंत्र लेखात सविस्तर यावी.

खिळेजुळणी (गिरगाव)

मी लेखक नाही. १९७४ पासून छापखान्यात जुळारी, म्हणजे धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा होतो, आता निवृत्त आहे. आपली चर्चा वाचून लिहावेसे वाटले, कारण रचनेवर लिहिणारे लोक ज्या अक्षरांत लिहितात त्या अक्षरांच्या रचनेवर क्वचितच लिहितात.

निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींच्या काळापासून मुंबईच्या देवनागरी टाइपाचे नाव देशभर होते. आम्ही खिळे जुळवायचो तेव्हा दोन पद्धती होत्या. अखंड पद्धतीत काना-मात्रा-उकारासह सबंध अक्षर एका खिळ्यावर असे, म्हणून केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीत, शेकडो खण लागत आणि कुठला खण कुठे हे हाताला पाठ असावे लागे. डिग्री पद्धतीत अक्षराचा खिळा वेगळा आणि वरखालच्या मात्रा-उकारांचे बारीक खिळे वेगळे. खण कमी, पण ते बारीक खिळे लवकर झिजत आणि उकाराची शेपटी तुटे. जुनी पुस्तके पाहताना 'कु'चा उकार तुटका दिसला तर तो लेखकाचा दोष नसतो, छपाईच्या दाबाखाली तो मोडलेला असतो.

आता आजचे सांगतो. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ही रूपे मराठीसाठी ठरवून दिली आहेत. तरीही फोनवर आणि संगणकावर आपण बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल आणि श वाचतो. माझ्या नातवाने मला कारण समजावून सांगितले. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतपद्धतीत अक्षराच्या दोन्ही रूपांसाठी संकेतांक एकच आहे, रूप ठरवतो तो टंक, म्हणजे फॉन्ट. काही टंकांत मराठी रूपे घातलेली असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद त्या पानाच्या मांडणीत केली असेल तरच ती उमटतात. नोंद केली नाही की टंकात असूनही ती दिसत नाहीत. र. कृ. जोशींसारख्या कवीने आणि सुलेखनकाराने संगणकासाठी 'मंगल' हा टंक रेखला. एवढ्या तोलामोलाची माणसे या कामात होती, आणि आपण भाषेची एक नोंद करायची विसरतो, याचे मला वाईट वाटते. आज पहिलीत असलेले मूल कोणता ल स्वाभाविक मानेल, हाही आपल्या विषयातलाच प्रश्न आहे, असे मला वाटते.

नवखी_लेखणी

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. मी दोन वर्षांपूर्वी उपयोजित कलेची पदवी घेतली आणि आता लेखनाकडे वळू पाहते आहे. मला थोडे व्यावहारिक विचारायचे आहे. मुंबईतील एका प्रकाशन-संस्थेसाठी मी घरगुती वस्तूंच्या रचनेवर सहा लेख लिहिले. सगळे छापून आले, पण सात महिने झाले तरी पैसे आलेले नाहीत. दूरध्वनी केला की लेखा विभागाकडे पाठवले आहे असे सांगतात. करार म्हणून माझ्याकडे केवळ ईमेल आहेत. त्यातच आता तेच लेख पुस्तकरूपाने येणार असल्याचे कानावर आले. मला कोणी विचारलेले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तर यंत्राने लिहिलेला मजकूर पाठवून 'याला फक्त मराठी वळण द्या' असे सांगितले आणि दर निम्मा केला. ज्येष्ठांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घडणवेध (पुणे)

नवखी, सात महिने हा फार मोठा काळ आहे आणि यात तुमची काहीही चूक नाही. मलाही सुरुवातीच्या वर्षांत असेच वागवले गेले होते, आणि तेव्हा जे ठाऊक नव्हते ते इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल.

पैशाचे आधी पाहू. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी नाही. सेवा देणारी एकटी व्यक्तीही 'उद्यम' नोंदणी करू शकते, आणि ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर निःशुल्क होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे काम स्वीकारल्यावर, लेखी कराराने मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच पैसे देणे बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार राज्याच्या सुलभता परिषदेकडे करता येते. मात्र नोंदणी काम सुरू होण्याआधीच करून ठेवा, कारण नंतर केलेल्या नोंदणीवर वाद घातला जातो. तुमच्या या सहा लेखांसाठी म्हणूनच तूर्त लेखी मागणीपत्र हाच मार्ग राहतो. त्यात प्रत्येक लेखाचे शीर्षक, प्रसिद्धीची तारीख आणि ठरलेली रक्कम लिहा आणि ईमेलच्या प्रती जोडा. मी अशी पत्रे पोचपावतीसह टपालाने पाठवते, कारण टपालाने आलेला कागद आवक नोंदवहीत चढतो आणि मग तो आलाच नाही असे कोणाला म्हणता येत नाही.

पुस्तकाबद्दल तुमची बाजू भक्कम आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. अधिकार दुसऱ्याला द्यायचे तर तसे लिहून, सही करून द्यावे लागतात. त्या करारपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत समजतात. तुम्ही कुठेही तशी सही केलेली नसेल, तर लेख एकदा छापायला दिल्याने पुस्तकाचा अधिकार आपोआप गेला असे होत नाही. हे त्याच पत्रात स्वतंत्र परिच्छेदात लिहा. रक्कम मोठी असेल तर पत्र वकिलांना दाखवून घ्यावे.

कराचे थोडक्यात. एका संस्थेकडून वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक मोबदला झाला की ती १० टक्के कर आधीच कापते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. विवरणपत्र भरले की जास्तीचा कापलेला कर परत मिळतो, आणि नव्याने लिहिणारे अनेक जण केवळ विवरणपत्र न भरल्यामुळे तो सोडून देतात.

यंत्राच्या मजकुराला वळण देण्याचे काम घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे आणि गरजेपोटी ते घेणाऱ्याला मी कमी लेखणार नाही. मी घेत नाही, त्याचे कारण एवढेच की त्या मजकुरात दुरुस्त करण्याजोगे काही सापडत नाही. त्यात चप्पल असते, पण ती पायाला चावत नाही. गोळ्यांची पट्टी असते, पण ती कोणी कापलेली नसते. जे पाहिलेच गेलेले नाही ते भाषेच्या वळणाने आणता येत नाही, आणि दर निम्मा असला तरी ते पाहून यायचा वेळ मात्र पूर्ण लागतो.

अंकसंपादक

नवखी, आमच्या अंकाच्या लेखकांना आम्ही पाठवतो त्या पत्रात 'एका अंकातील प्रथम प्रसिद्धीपुरता अधिकार' असे वाक्य असते. आपण लेख पाठवताना हेच वाक्य स्वतःहून ईमेलमध्ये लिहीत जा. सज्जन संपादक त्याला हरकत घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याविषयी आपल्याला वेळीच कळते.

खिळेजुळणीकाका, आपण लेखक नाही असे लिहिलेत ते मला मान्य नाही. आमच्या अंकासाठी ल आणि श यांवर लिहावे अशी विनंती आहे. लिहिणे कष्टाचे वाटत असेल तर घडणवेधताईंनी आपल्याकडे येऊन बसावे आणि लेख दोघांच्या नावाने यावा. येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च मानधनाहून वेगळा देऊ. अजून वेळ हातात आहे.

घडणवेध (पुणे)

मी आनंदाने येईन. काका, आपल्याकडे जुनी केस किंवा खिळे अजून आहेत का? मला अखंड आणि डिग्री या दोन्ही पद्धतींचा एकच शब्द जुळवलेला शेजारी शेजारी पाहायचा आहे, आणि जमल्यास त्याचा ठसाही घ्यायचा आहे.

खिळेजुळणी (गिरगाव)

अखंडची केस पुरी नाही, निम्म्याहून थोडे अधिक खण भरलेले आहेत. डिग्रीची आहे. माझ्या मित्राच्या माळ्यावर हाताने चालणारे प्रूफयंत्र आहे, त्याला तेल घालून ठेवतो. 'कुलूप' हा शब्द जुळवू, म्हणजे उकार, ऊकार आणि आपला ल तिन्ही एकदम दिसतील. गुरुवारी दुपारी चारनंतर या, तेव्हा माळ्यावर पश्चिमेचा उजेड असतो. येताना भिंग आणा. आठ पॉइंटच्या खिळ्यावरची मोडलेली शेपटी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.